विहारामागची अर्धी खोली

नागपूर, २२ जून २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

"लेकरं काय, बोलतात आपोआप वं," असं तू एकदा म्हणाला होतास. तुझ्या प्रशिकच्या तिसऱ्या वाढदिवसाला, चंद्रपूरच्या सरकारी बंगल्यात, तुझ्या हातात केक कापायची सुरी होती, आणि तो अजून बोलत का नाही, असं मी विचारलं होतं. त्यानंतर तू आणखी एक वाक्य बोललास. ते मी आज लिहिणार नाही. पण आपलं बोलणं बंद झालं ते त्या दुसऱ्या वाक्यानं, आणि आता प्रशिक कॉलेजात आहे. मध्ये आई गेली तेव्हा आपण एकाच घरात होतो, तरी चहा-पाण्यापुरतंच बोललो.

आज लिहायला कारण नत्थूजी. ते आता विहार समितीचे अध्यक्ष आहेत. रेल्वेतून निवृत्त झाल्यापासून त्यांना सगळी वस्तीच फलाट वाटते, घोषणा केल्याशिवाय राहवत नाही. परवा मला रस्त्यातच थांबवून म्हणाले, "माया, तुह्या भावानं दिल जिंकलं. विहारामागच्या हॉलची एसी अभ्यासिका करून राहिला, तुह्या बाबाच्या नावानं. अख्खा हॉल. पोट्टे आता थंड हवेत साहेब बनतील."

मी "चांगलं आहे" म्हटलं. चांगलंच आहे ते. बाबा मिलमधून घरी आले की तुझी वही बघायचे, त्यांना वाचता येत नव्हतं तरी. त्यांचं नाव अभ्यासिकेला शोभेल.

पण त्या हॉलमध्ये आता मी पण आहे, हे तुला कुणी सांगितलं नसेल. तू जिथे बसून उपजिल्हाधिकारी झालास, तो अर्धा भाग तसाच आहे. तिथे परीक्षांची तयारी करणारी मुलं-मुली बसतात. उरलेल्या अर्ध्यात मंडपाचे बांबू आणि बिघडलेले भोंगे पडले होते. मधे प्लायवूडचा पडदा. मार्चमध्ये मी ते सामान हलवलं, चटया टाकल्या, आणि सकाळी वस्तीतली लहान मुलं घेऊन बसायला लागले. अगदी लहान, दीड-दोन वर्षांची. अंगणवाडीत तीन वर्षांनंतर घेतात, आणि आमच्याकडच्या आया सकाळीच धंतोलीतल्या दवाखान्यांत ड्युटीला निघतात. माझी शाळा दुपारची असल्यामुळे मला जमतं.

का सुरू केलं? मी पाचवीला शिकवते. मागच्या वर्षी एका मुलाला सहज विचारलं, "काल दिवसभर काय केलंस रे?" तो माझ्या तोंडाकडे बघत राहिला. पाढे पाठ, अक्षर सुंदर, आणि कालचा दिवस सांगता येईना. मला आधी वाटलं, लाजतो. मग कळलं, त्याला कुणी कधी असं विचारलंच नव्हतं. घरी सगळे दमलेले. "जेवला का" आणि "फोन ठेव" यांच्यापुढे बोलणं जात नाही. दहाव्या वर्षीही हे शिकवता येतं, मी शिकवतेच. पण ते कोरड्या पडलेल्या कणकेत पाणी घालून पुन्हा मळण्यासारखं आहे. होते मऊ, पण हात भरून येतात, आणि वर्गात अशी खूप मुलं असतात.

मी काही मागत नाही. फक्त कळवते आहे.

तुझी
माया

---

नागपूर, १० ऑगस्ट २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तुझं पार्सल आलं. आत चिठ्ठी शोधली, नव्हती. इंग्रजी अक्षरांचे, आकड्यांचे, फळांचे तक्ते, सगळे प्लॅस्टिक लावलेले. म्हणजे माझं पत्र तू वाचलंस. उन्नतीनं 'ए'चं सफरचंद चाटून पाहिलं आणि मग ते माझ्यासमोर धरलं, मीही चाटावं म्हणून.

उन्नती म्हणजे रितिकाची मुलगी, अडीच वर्षांची. रितिका धंतोलीत एका दवाखान्यात आयाबाई आहे. नवरा अंकित हिंगण्याला कंपनीत, पाळी बदलती. ती सात वाजता लेकीला माझ्या मांडीत देते आणि चालत्या ऑटोत चढावं तशी निघते. उन्नती शब्द एखाद-दुसराच बोलते. पण तिचे डोळे सगळं टिपत असतात.

तक्ते लावल्यावर आयांना बरं वाटलं. "आता शाळेसारखं वाटून राहिलं, ताई," रितिका म्हणाली. एकीनं विचारलं, "लिहाले कधी लावता?" मी म्हटलं, अजून तर चमचा सरळ धरत नाही. ती म्हणाली, "म्हणूनच तं."

आमच्यावर एक संकट आलं होतं, पण निभावलं. पडद्यापलीकडची मेघा तक्रार घेऊन आली. ऑटोवाल्या राऊतांची मुलगी, तुला फ्रॉकमधली आठवत असेल. आता राज्यसेवेला बसते आहे. "ताई, ते मागून गाडी-गाडी करतात, मले एक परिच्छेद तीनदा वाचावा लागते." तिचं खोटं नव्हतं. नत्थूजींनी निवाडा दिला. मुलं सकाळी बसतील, पण आवाज नाही. ते स्वतः आत आले, गुडघ्यांवर हात ठेवून वाकले आणि मुलांना म्हणाले, "पोरांनो, चूप राहाचं. पलीकडे साहेब बनून राहिले."

तर आम्ही आता हळू बोलतो. वाळू चाळतो, डबे एकात एक घालतो, कापडाच्या घड्या करतो. कुणी ओरडलं तर मी ओठांवर बोट ठेवते. आता तीही ठेवतात, एकमेकांना. समितीची माणसं दारातून डोकावून म्हणतात, "किती शहाणे लेकरं, संध्याकाळच्या वंदनेलेही लोक एवढे चूप नाही बसत." खरं सांगते, मला अभिमान वाटतो. तुलाही आवडेल हे चित्र. एका बाजूला तुझी अभ्यासिका, दुसऱ्या बाजूला आम्ही, आणि कुणाचा कुणाला त्रास नाही.

प्रशिकला माझे आशीर्वाद सांग. सांगायचे नसतील तरी हरकत नाही.

तुझी
माया

---

नागपूर, ५ ऑक्टोबर २०२५

प्रिय दादा,

आज जय भीम शेवटी घालते, कारण आधी हे सांगायचं आहे. मागच्या पत्रात मी तुला जे चित्र पाठवलं, ते चुकीचं होतं.

दीक्षाभूमीला आलेली माणसं दरवर्षीप्रमाणे आपल्या विहारात उतरली. वाशीमकडची दोन-तीन गावं. अंथरुणाला जागा हवी म्हणून प्लायवूडचा पडदा काढून भिंतीला टेकवला, अभ्यासिका बंद. मीही आयांना सांगितलं होतं, धम्मचक्र प्रवर्तन दिन, म्हणजे यंदा दोन ऑक्टोबर, होईस्तोवर सुट्टी. पण दवाखान्यांना कुठली सुट्टी. रितिका नेहमीसारखी दारात उभी, कडेवर उन्नती. "ताई, कुठं नेऊ हिले?" मग दुसरी आली, तिसरी आली. पाहुण्यांच्या गर्दीत मुलं घेऊन बसले.

मागच्या अंगणात बायका चूल मांडून पोळ्या करत होत्या. त्यांच्यात एक म्हातारी, नाव विचारायचंही राहून गेलं. हात तव्यावर, तोंड सगळीकडे. येणाऱ्या-जाणाऱ्याशी, कुत्र्याशी, पिठाशीसुद्धा बोलायची. उन्नती तिच्यासमोर उकिडवी बसली. म्हातारीनं विचारलं, "काहून वं बाई, बोलत काहून नाही? तोंडात दही जमवलं का?"

उन्नतीनं माझ्याकडे पाहिलं. मग ओठांवर बोट ठेवलं आणि म्हातारीला म्हणाली, "श्श."

सगळ्या बायका हसल्या. म्हातारी म्हणाली, "मले चूप करते. पाहा बाई, साहेबीन आली." मला हसू आलं नाही. अडीच वर्षांच्या मुलीला येत असलेली सगळ्यात स्पष्ट गोष्ट म्हणजे 'श्श', आणि ती मी शिकवली होती.

म्हातारीनं मात्र सोडलं नाही. कणकेचा गोळा हातात दिला. "हे काय आहे? हा हत्ती आहे का? नाही? मंग काय, तुहा बाप आहे?" उन्नती मान हलवायची, म्हातारी थांबायची. उत्तर येईल म्हणून खरोखर थांबायची, भुवया वर करून, जणू पलीकडून कुणी मोठं माणूस बोलणार आहे. नाही आलं तर स्वतःच उत्तर द्यायची आणि पुन्हा विचारायची. दोन दिवस हे चाललं. दुसऱ्या दिवशी दुपारी म्हातारी कुणाशी तरी भांडत होती, तव्याकडे पाठ, आणि उन्नती उभी राहून जोरात म्हणाली, "आजी, पोयी जयली."

पोळी खरंच जळली होती. म्हातारीनं ती उलटली, काळी बाजू सगळ्यांना दाखवली आणि म्हणाली, "हिनं सांगतलं म्हणून वाचली बाई, नाही तं उपाशी मरत होतो." मग काय, दिवसभर "पोयी जयली, पोयी जयली". तिचं बघून बाकीचीही सुटली. ज्या मुलांना मी दीड-दोन महिने शहाणी म्हणत होते, ती अंगणात किंचाळत, एकमेकांना हाका मारत, खोटंनाटं सांगत फिरत होती. मी विहाराच्या पायरीवर जाऊन बसले. रडले नाही. पण बराच वेळ आत गेले नाही.

दादा, मुलं शहाणी नव्हती. आपण त्यांना गप्प बसवलं आणि त्या गप्पपणाला शहाणपण म्हटलं. आपल्यासारख्या वस्तीतच ही चूक होऊ शकते. शिकण्याबद्दल आपल्याला इतका आदर, की पलीकडच्या खोलीतल्या पुस्तकांसाठी अलीकडच्या मुलांची तोंडं मिटवली, आणि कुणाला काही वावगं वाटलं नाही. मलासुद्धा नाही.

प्रशिकबद्दल मी काही म्हणत नाही. त्या बंगल्यात वहिनी एकटी असायची, तू दौऱ्यावर. तिथेही लोक म्हणायचे, किती शहाणा मुलगा.

जय भीम.

माया

---

नागपूर, ९ नोव्हेंबर २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

तुझं उत्तर मिळालं. दोन ओळी, पण तुझ्या हातच्या. "मला अभ्यासिकेनं घडवलं. तेच इतरांना मिळावं, एवढीच इच्छा आहे." अक्षर बदललेलं नाही तुझं. 'घ' अजून तसाच, पोट सुटलेला.

इथे वातावरण तापलं आहे. पाहुणे गेले, पडदा पुन्हा लागला, आणि मी सांगितलं की मुलं आता हळू बोलणार नाहीत. पहिल्याच दिवशी मेघा आली. यावेळी रागावून नाही, दमून. "ताई, मी पूर्वपरीक्षा तीनदा पास झाली. घरी एक खोली, टीव्ही, बाबाचा खोकला, दोन भाऊ. शांतता म्हणून शहरात मले हीच एक जागा आहे. तुमची पोरं उद्याही बोलतील. माही परीक्षा उद्या नाही थांबत."

मी तिला चहा दिला.

नत्थूजी वेगळंच बोलले. "माया, त्या पोट्ट्यांचे फ्लेक्स लागतात चौकात. नियुक्तीबद्दल अभिनंदन, फोटो, हार. वस्तीची मान वर होते. तुह्या पोरांचं काय लागते, पोळी जळली म्हणून सांगतलं, याचं?"

बोलायला चिडके, पण मनानं वाईट नाहीत. आणि त्यांच्या म्हणण्यात अडचण आहेच. फ्लेक्स विसाव्या-पंचविसाव्या वर्षी लागतो. ज्यामुळे तो लागला, ते कुणी पाहिलेलं नसतं. म्हणून वर्गणी नेहमी शेवटच्या टप्प्याला मिळते. सगळेच असं करतात, आपली समितीच नव्हे. पाया दिसत नाही, कळस दिसतो, म्हणून लोक कळसाला देणगी देतात.

मी हे प्रयागबाईला सांगत होते. आईची शेजारीण, तुला अंगाखांद्यावर खेळवणारी. आता कमी दिसतं, पण बोलणं थांबलेलं नाही. तुझ्या दोन ओळी तिला वाचून दाखवल्या. म्हणाली, "प्रेमानंदले अभ्यासिकेनं घडवलं? असं म्हणते तो? आन् आम्ही काय केलं मंग?"

मग तिनं जे सांगितलं ते मला माहीत नव्हतं. मी तुझ्या मागून खूप वर्षांनी आले. आई, प्रयागबाई आणि आणखी दोघी आपल्या अंगणात बिड्या वळायच्या, सकाळपासून उजेड असेस्तोवर. हात गुंतलेले, तोंडं मोकळी. तू मध्ये. "चार बायांचं एकच लेकरू," प्रयागबाई म्हणाली. तेंदूपत्ता कुणी द्यायचा, प्रेमानंद. मोठा कोणता, लहान कोणता, प्रेमानंद. आज कोण आलं, ते काय म्हणाले, त्यांनी खोटं सांगितलं का, प्रेमानंद, तू सांग. तू बोबडं काहीतरी सांगायचास आणि चौघी त्यावर वाद घालायच्या. तुला वाटायचं, तुझ्या मतावर बिड्यांचा कारखाना चालतो. "त्याले कोण्या गोष्टीचं भेव नव्हतं," ती म्हणाली. "चार बायकांसमोर रोज वकिली करे तो. मंग साहेबाच्या मुलाखतीले काय भिईन?"

दादा, अभ्यासिकेतली ट्यूबलाइट खरी होती, तुझी मेहनत खरी होती. पण त्या दिव्याखाली जो मुलगा येऊन बसला, तो आधीच तयार झाला होता. त्याच्यावर चार बायकांनी कित्येक वर्षं बोलणं खर्च केलं होतं. आज त्या चौघी धंतोलीत ड्युटीवर असत्या आणि तुझ्या हातात फोन असता. कुणाची चूक नाही. पण ते अंगण आता आपोआप होत नाही. कुणीतरी मुद्दाम केलं पाहिजे. मी एवढंच करते आहे.

आता ते दुसरं वाक्य. तू म्हणाला होतास, "तुले लेकरू नाही, तुले काय समजते." बरोबर, नाही मला. मी ते वाक्य सोळा वर्षं काखेत घेऊन फिरले. परवा प्रयागबाई बोलता बोलता म्हणाली, "तवा मलेही पोर झालं नव्हतं, म्हणून तं तुह्या भावाले सोडत नव्हती." आणि ते वाक्य कुठेतरी खाली पडलं. शोधायला गेले नाही.

प्रशिक कसा आहे? खरंच विचारते आहे.

तुझी
माया

---

नागपूर, १४ डिसेंबर २०२५

प्रिय दादा,
सप्रेम जय भीम.

आज समितीची बैठक झाली. नत्थूजी तुला फोन करतीलच, पण त्यांच्या आधी माझं पत्र पोचावं असं वाटतं.

मेघा उन्हाळ्यात दिलेल्या मुख्य परीक्षेत पास झाली, तिला मुलाखतीचं बोलावणं आलं आहे. वस्तीत आनंद आहे, पण ती मात्र घाबरलेली. सरावाच्या मुलाखतीत सर तिला म्हणाले, स्वतःबद्दल सांगा. तिला संविधानाची कलमं पाठ आहेत. स्वतःबद्दल सांगता येईना. पडद्याच्या कडेनं माझ्याकडे आली आणि म्हणाली, "ताई, कोणी पुसतच नाही ना घरी. डब्बा घेतला का, एवढंच." मी तिला म्हटलं, आमच्याकडे बस, इथे सारखे प्रश्न येतात. मजेत म्हटलं होतं. ती खरंच येऊन बसली. उन्नतीनं तिला विचारलं, "तू काऊन बसली?" मेघा सांगायला लागली, तर पुढचं काऊन, त्याच्या पुढचं काऊन. मेघा घाम पुसत हसत होती. आता रोज थोडा वेळ बसते. म्हणते, हे पॅनल फार कडक आहे.

उन्नती आता थांबतच नाही. रितिका तक्रार करते, "ताई, रात्री अंकित ड्युटीवरून आला की त्याले झोपू देत नाही, दिवसभराचं सांगत बसते." मग हळूच म्हणाली, "तोही आता हिच्यासाठी जागा राहते. पहिले फोन पाहत पडे."

तर बैठकीत मीच बोलायचं ठरवलं होतं, पण मेघा आधी उठली. म्हणाली, अख्ख्या हॉलची अभ्यासिका नको. अर्धी पुरते. पण मधे प्लायवूड नको, विटांची भिंत पाहिजे, जाड. म्हणजे आम्हाले वाचता येईल आन् त्यांना बोलता येईल. कुणीतरी टोमणा मारला, "तुही मुलाखत निघाली म्हणून तू उदार झाली." ती म्हणाली, "मी तीन वर्षं त्या पोरांले चूप बसवलं काका, उद्या तेही माह्यासारखे मुलाखतीत चूप बसतीन." तीन वर्षं नव्हती, पण कुणी सुधारलं नाही.

नत्थूजींनी टेबलावरची धूळ पुसली. मग म्हणाले, "मले आता पटून राहिलं. पण पैसा प्रेमानंदचा आहे. तो म्हणेल तसं." सगळ्यांनी माना डोलावल्या. म्हणजे आता सगळं तुझ्यावर आहे. तू नाही म्हणालास तर सव्वीस जानेवारीच्या उद्घाटनाआधी पडदा निघेल, हॉल एक होईल आणि आमच्या चटया परत माझ्या घरी. घरी चार मुलं मावतात. बाकीची फोनकडे जातील.

मला माहीत आहे, दगड कोरून झाला आहे. बाबांचं नाव आणि खाली 'अभ्यासिका', संगमरवर, नत्थूजींनी मला कापड सारून दाखवला. मला हेही माहीत आहे की तुला बाबांचं नाव पुस्तकांशीच जोडायचं आहे. त्यांना वाचता आलं नाही म्हणून. मी तुझ्या जागी असते तर मलाही तेच हवं झालं असतं.

तरी मागते. अर्धा हॉल सोड. एसीच्या पैशातून कापून विटांची भिंत बांधून दे. आणि बाबांचं नाव लहान मुलांच्या बाजूला लाव. मिलमधून आल्यावर ते तुझी वही आधी बघत नसत, असं प्रयागबाई सांगते. आधी विचारत, "काय गा, आज काय झालं?" आणि तुझं सगळं ऐकून झाल्यावर पाय धुवायला उठत.

तू नाही म्हणशील. तुझा 'नाही' मला ओळखू येतो, तो पाकिटावरच्या अक्षरातही दिसतो. पण तो फोनवर नत्थूजींना सांगू नकोस, पत्रातही लिहू नकोस. प्रशिकला घेऊन ये. एका सकाळी चटईवर बस, उन्नतीचे सगळे 'काऊन' संपू दे, आणि मग तिच्यासमोर नाही म्हण. हेही तू करणार नाहीस, दादा. तरी ये.

तुझी
माया